डॉक्टरांचं साओ पावलो

आमच्या समोरच्या डॉक्टरांइतकं साओ पावलो शहर कुणाला पाठ असेल असं मला वाटत नाही; खुद्द तिथल्या टॅक्सीवाल्यांनाही नसेल. डॉक्टर मूळचे नागपूरचे. तीस वर्षं आयरिश रुग्णालयांत लोकांना भूल दिली, त्यातली शेवटची लिमरिकला, आणि निवृत्त होऊन डब्लिनच्या कडेला, ओंगारला आमच्या समोर राहायला आले. ब्राझीलला ते तोवर कधीच गेले नव्हते. एप्रिल २०२०चं तिकीट काढलं होतं, पण ते विमानच उडालं नाही. दुसरा कुणी हळहळून गप्प बसला असता. डॉक्टरांनी ठरल्या दिवशी बूट चढवले, पाठीला सॅक लावली आणि हातात बेताचा कागद धरून वसाहतीतच सहल सुरू केली. टाळेबंदीत घरापासून दोन किलोमीटर जायची परवानगी होती, पुढे पाच झाली. तेवढ्यात त्यांनी अख्खं शहर बसवलं.

साओ पावलोत एक मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद करतात आणि लोक त्यावर पायी हिंडतात, म्हणून डॉक्टरही दर रविवारी तेवढंच अंतर मोजून चालत. मी दोन मीटर लांबून सोबत जायची, कारण मलाही चालायचंच असे. औषधांच्या दुकानासमोर थांबून ते म्हणत, "वहिनी, हे कलासंग्रहालय. खांबांवर अधांतरी उभं आहे. खालून जाऊ या." खाली कचऱ्याचे डबे असत. "डॉक्टर, पाऊस येतोय," असं म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "तिथे आत्ता ऊन आहे. निघताना बघितलं मी." तिथल्या बाजारात सोनेरी गवताच्या टोपल्या मिळतात म्हणून एकदा मला धुण्याच्या टोपलीमागे उभं करून त्यांनी पोर्तुगीजमध्ये घासाघीस केली. मला ती भाषा येत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणाले, "विकणाऱ्याला नुसतं नाही म्हणायचं असतं. ते तुम्हाला छान जमतं."

खाण्याचा अभ्यास घरी चाले. तिथे चीजचे गोल पाव करतात आणि त्यांचं पीठ साबुदाण्याच्याच कंदाचं असतं, असं कळल्यावर डॉक्टरांनी ते एकादशीला केले. "उपवासाला चालतात," त्यांनी जाहीर केलं.

"आणि त्यातली अंडी?" त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी विचारलं. "ती काय उपवासाच्या कोंबडीने घातली?"

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. बघायच्या जागा शहराच्या एका टोकाला आणि त्यांनी ठरवलेलं हॉटेल तिथून दीड तास लांब. "इतक्या लांब कशाला?" मी विचारलं. "तिथे शांतता आहे," म्हणाले आणि चालण्याचा वेग वाढवला. खरं कारण काकूंनी कुंपणावरून सांगितलं. "हॉटेलपासून आमची लेक दोन गल्ल्यांवर राहते."

लेकीने डब्लिनमध्ये भेटलेल्या ब्राझीलच्या मुलाशी लग्न केलं. लग्नाच्या आठवड्यात डॉक्टरांनी मुद्दाम ड्यूटी लावून घेतली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त गेले नाहीत. त्यानंतर चार वर्षं काकूच फोनवर बोलत आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसत. "आता जायचंय, पण कबूल करायचं नाहीये," काकू म्हणाल्या. "वर सासूबाईंचा नियम, मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. आईचं दुसरं एक ऐकलं नाही, हे मात्र धरून बसलेत. म्हणून हॉटेल. आणि तिला मूल होणार नाही, हे यांना ठाऊक आहे."

पुढच्या रविवारी मी सरळच विचारलं, "डॉक्टर, संग्रहालयं पुरे. लेकीकडे जेवणार की नाही?"

"थांबा वहिनी, सिग्नल लाल आहे," ते म्हणाले. त्या वळणावर सिग्नल नाही.

पुढे बाहेरून आयर्लंडला परतणाऱ्यांना विलगीकरणासाठी हॉटेलात अडकवून ठेवायचा नियम आला आणि बेत पुन्हा पुन्हा पुढे गेला. २०२१च्या नोव्हेंबरात दोघं अखेर गेले. तीन आठवड्यांनी आले, तेव्हा मी चहाला बोलावलं.

"संग्रहालय कसं होतं?"

"सोमवारी बंद असतं," डॉक्टर म्हणाले.

"मग मंगळवारी?"

"मंगळवारी तिने थालीपीठं लावली होती."

मी काकूंकडे पाहिलं. "हॉटेलात एकच रात्र राहिलो," त्या म्हणाल्या. "सकाळी ती आली, बॅगा उचलल्या आणि चालू लागली. हे मागोमाग. घरात शिरल्या शिरल्या यांनी पाणी मागितलं."

"चढ आहे तिथे," डॉक्टर कपात बघत म्हणाले. "तहान लागली होती."

मी बिस्किटं पुढे केली. आता रविवारी आम्ही साधेच चालतो, औषधांचं दुकान औषधांचंच असतं. शहराबद्दल ते फारसं बोलत नाहीत. एकदाच, मी काही विचारलं नसताना म्हणाले, "तिच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. सातला ऊन ओट्यावर येतं आणि नऊपर्यंत तिथेच असतं."