सिनेमातल्या मेमबाई

"फक्त कागदावर," असं मेमबाई म्हणायच्या आणि उजव्या हाताची दोन बोटं अशी झटकायच्या, की वाटावं बोटांना ओली शाई लागली आहे.

मराठीतले हे दोन शब्द त्यांनी सगळ्यांत आधी पक्के केले. शाळेच्या वेळापत्रकात मधली सुट्टी अर्ध्या तासाची होती, ती फक्त कागदावर. आमच्या गल्लीतल्या नळाला सहाला पाणी यायचं, तेही फक्त कागदावर. आणि मेमबाईंचा घटस्फोट झाला होता, तोसुद्धा फक्त कागदावर.

तुमच्यापैकी कुणी लढाईच्या आगेमागे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहिलं असेल, तर त्यांना पाहिलंच असेल. सकाळी दहाच्या सुमारास सराफ्यातून भिंतीच्या सावलीला धरून चालणारी एक उंच, गोरी बाई. डोळ्यांवर काळा चष्मा, वर छत्री. पाटणकर बाजारामागच्या गल्लीत आम्ही खाली राहायचो, मी आणि माझी आई. मेमबाई वर माडीवर. मुलींच्या शाळेत मी मराठी आणि शिवण शिकवत असे, त्या गाणं आणि ड्रिल. शाळेला आम्ही बरोबरच जायचो. त्या मला नावानं हाक मारत नसत. 'शेजारीण' म्हणत. "शेजारीण, चल. सूर्य आली."

त्यांच्या जर्मन भाषेत सूर्य बाई असते. मराठीतही तो-ती-ते आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला होता! पण सूर्याला पुरुष करायला त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. 'तुम्ही' हा शब्दही त्यांना फालतू वाटायचा. आमच्या हेडमिस्ट्रेस, ज्यांच्यासमोर आम्ही उभ्यानंच बोलायचो, त्यांनाही त्या म्हणायच्या, "तू बस. मी सांगते."

लोक म्हणायचे, मेमला गर्व फार, काळ्या चष्म्याआडून बघते. मला खरं कारण माहीत होतं. त्या मूकपटांच्या काळातल्या नटी होत्या. बर्लिनच्या स्टुडिओतले दिवे इतके प्रखर असत, की दिवसभर त्यांच्यासमोर पापणी न हलवता उभं राहिल्यावर संध्याकाळी डोळे सुजून लाल व्हायचे. मग सगळ्या नट्या कच्च्या बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवून पडून राहायच्या. पुढे दिवे गेले, पण डोळे तसेच राहिले. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर त्यांचे फार हाल व्हायचे. बटाट्याची गोष्ट ऐकून आई आधी पोट धरून हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी गुलाबपाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या वर पाठवू लागली.

रडण्याचा प्रसंग असला की स्टुडिओत कॅमेऱ्यामागे एक व्हायोलिनवाला उभा करत. चित्र मुकं, त्यात आवाज उमटणार नाही. पण नटीला रडू यावं म्हणून तो वाजवायचा. "पगारी?" आईनं विचारलं. "पगारी. रोज," मेमबाई म्हणाल्या. "बाई गं, आमच्याकडे फुकट रडतात," आई म्हणाली. मेमबाईंना याचा अर्थ समजावून सांगावा लागला, आणि समजल्यावर त्या हसल्या नाहीत.

त्यांच्या खोलीत एकच तसबीर होती. जहाजाच्या कप्तानाच्या पोशाखातला एक देखणा माणूस. तो त्यांचा नवरा. तोही नटच. दोघांनी मिळून सात चित्रपट केले. "सिनेमात आमचं सहा वेळा लग्न झालं. खरं एकदाच," त्या सांगायच्या.

मग बोलपट आले. मेमबाई कुठल्याशा डोंगरातल्या खेड्यातल्या. "मूकपटात माझं गाव कुणाला कळलं नाही. बोलपटात पहिल्याच वाक्याला कळलं. लोक हसले." सरदारकन्येचं काम करणारी बाई तोंड उघडल्यावर गवळणीसारखी बोलू लागली, तर लोक हसणारच. नवऱ्याचा आवाज मात्र यंत्राला आवडला. तो चढत गेला, आणि त्या घरी बसल्या. याबद्दल त्यांच्या बोलण्यात कडवटपणा मी कधी ऐकला नाही.

पुढचं सरकार ज्यूंच्या वाईटावरचं निघालं. प्रत्येक नटानं आपल्या आणि बायकोच्या आजी-आजोबांचे दाखले आणून दाखवायचे, असा हुकूम झाला. मेमबाईंचे चारही आजी-आजोबा ज्यू. नवऱ्याला सांगण्यात आलं, बायको ठेव किंवा सिनेमा ठेव. त्यानं घटस्फोटाच्या कागदावर सही केली. त्यांनीही केली. दोघांचं ठरलं होतं, की हे फक्त कागदावर. वारं फिरलं की तो बोलावून घेईल.

मुंबईच्या एका फिल्म कंपनीनं तेव्हा काही जर्मन माणसं आणवली होती. त्यांच्याबरोबर मेमबाई आल्या, आपल्याकडच्या नट्यांना चेहऱ्याचं काम शिकवायला. कंपनी बुडाली. एका सरदारांनी आपल्या मुलींना पियानो शिकवण्यासाठी त्यांना ग्वाल्हेरला आणलं. मुलींची लग्नं झाली, आणि मेमबाई आमच्या शाळेत आल्या. नवऱ्याची पत्रं स्वित्झर्लंडच्या एका मित्रामार्फत यायची. खाली सही नसायची, नुसतं 'कप्तान' लिहिलेलं असायचं.

लढाईच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शाळेत जुनी इंग्रजी सचित्र मासिकं यायची, मुलींना चित्रं कापायला. एकात मला तो दिसला. तसबिरीतला माणूस, अंगात कप्तानाच्या पोशाखाऐवजी काळा कोट. दंडाला धरून एक तरुण नटी उभी. खाली छापलं होतं, नुकताच विवाह झाला. मी ते पान फाडलं, घरी आणलं आणि चुलीत घातलं. आईलाही सांगितलं नाही. मी चांगलं केलं असंच मला तेव्हा वाटलं.

लढाई सुरू झाली आणि मेमबाई एका दिवसात 'जर्मन' झाल्या. त्यांनी शहराबाहेर जायचं नाही, दर आठवड्याला कचेरीत हजेरी द्यायची. दूधवाला मला दारात थांबवून विचारू लागला, "बाईजी, जे मेम जर्मन की जासूस हैं का?" मी त्याला झापलं, पण दुसऱ्या दिवसापासून तो माडीवर चढेना, दूध आमच्याकडेच ठेवून जाऊ लागला. शाळेत दोन-तीन पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "काही दिवस तुम्ही येऊ नका." मेमबाई म्हणाल्या, "तू किती दिवस म्हणतेस?" हेडमिस्ट्रेसनी हजेरीपुस्तक मिटलं.

मग नोटीस आली. अशा लोकांना दक्षिणेतल्या एका छावणीत ठेवणार होते. ज्यांना तिकडच्या सरकारनंच छळून हाकललं आहे, त्यांनी तसा पुरावा द्यावा आणि फॉर्म भरावा. मग विचार होईल.

पुरावा होता. घटस्फोटाच्या कागदावर कारण स्पष्ट लिहिलेलं होतं, बायको ज्यू आहे. इतकी वर्षं ज्याला त्या बोटं झटकून उडवून लावत होत्या, तोच कागद त्यांनी पेटीतून काढला आणि त्याचा इंग्रजी तर्जुमा माझ्यासमोर ठेवला. फॉर्म मी भरायला बसले. त्यांचे डोळे त्या आठवड्यात फार आले होते. गुलाबपाण्याच्या घड्या ठेवून त्या खाटेवर पडल्या होत्या. मी प्रश्न वाचायची, त्या उत्तर सांगायच्या.

एक प्रश्न असा होता, की शत्रूच्या देशात राहणाऱ्या कुणाशी तुमचा संबंध आहे का?

"लिही, नवरा," त्या म्हणाल्या.

"तसं लिहिलं तर तुम्हाला घेऊन जातील."

"पण तो आहे."

"कागद म्हणतो, नाही."

त्यांनी डोळ्यांवरच्या घड्या बोटांनी दाबल्या. मग म्हणाल्या, "शेजारीण, तू लिही नवरा."

मी लेखणी बुडवली आणि इंग्रजीत लिहिलं, कोणीही नाही. माझ्या डोळ्यांसमोर मासिकातलं ते पान होतं. मी खोटं लिहिते आहे असं मला वाटलंच नाही. उलट या बाईच्या आयुष्यातली एकच खरी गोष्ट आपण लिहितो आहोत असं वाटलं. सहीची जागा बोटानं दाखवून मी टीपकागद आणायला खाली गेले. परत आले तोवर सही झालेली होती.

मेमबाईंना छावणीत नेलं नाही. वर्षभरानं शाळेनंही परत बोलावलं. आईनं देवाला साखर ठेवली. मी मात्र त्यांच्याकडे पूर्वीसारखं सरळ बघू शकत नव्हते. 'कप्तान'ची पत्रं लढाईबरोबरच थांबली होती. टपालवाला गल्लीत शिरला की वरची खिडकी उघडायची, तो पुढे गेला की मिटायची. सहा वर्षं हे मी खालून ऐकलं. कधी वाटायचं, सांगून टाकावं, ते पान आणि तो फॉर्म, दोन्ही. मग शाळेची वेळ व्हायची.

लढाई संपली, आणि काही महिन्यांनी जाड पाकीट आलं. अक्षर त्याचंच. या वेळी पूर्ण नावानं सही. मेमबाई ते घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. त्यांनी सावकाश मराठीत मजकूर सांगितला. जुन्या सरकारच्या काळात पुढे आलेल्या नटांची चौकशी चालू होती. निर्दोष ठरेपर्यंत त्याला काम बंद. मेमबाईंनी लिहून द्यावं, की हा घटस्फोट जुलमानं झाला, त्यानं त्यांना वाचवलं आणि मनानं तो कायम त्यांचाच नवरा राहिला. मजकूर त्यानं स्वतःच टाइप करून पाठवला होता; खाली फक्त सही करायची. शेवटी होतं, की त्याची बायको आणि मुलगा सुखरूप आहेत.

"फाडा ते," आई म्हणाली. "जिवंत आहात का हे तरी विचारलंय का मेल्यानं?"

"विचारलं नाही," मेमबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शाळेच्या टाइपरायटरवर तू माझं पत्र करशील?"

"नाही करणार," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "खोटं आहे ते. आणि एकदा मी तुमच्यासाठी खोटं लिहिलंय, आता पुन्हा नाही." आणि मग सगळंच बाहेर पडलं. मासिकातलं पान, चूल, फॉर्मवरचा तो शब्द. आई हातातलं लाटणं तसंच धरून ऐकत राहिली.

मेमबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे मी इतक्या जवळून क्वचितच पाहिले होते.

"पान मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तो शब्द मला माहीत होता. तू खाली गेलीस, मी डोळ्यांवरचं काढलं आणि वाचलं."

"आणि तरी सही केलीत?"

"मी भ्याले. मला छावणीत जायचं नव्हतं. मला इथं राहायचं होतं." मग त्या म्हणाल्या, "तोही भ्याला होता. त्यानं सही केली, मी केली. आता मी त्याला काय विचारू?"

आईनं लाटणं खाली ठेवलं.

त्यांनी त्याच्या मजकुरावर सही केली नाही. आपला वेगळा लिहिला आणि मी तो टाइप केला. मनानं कायम नवरा राहिल्याचं वाक्य त्यात नव्हतं. घटस्फोट दबावाखाली झाला, हे होतं. त्यानं ओळखीपाळखी वापरून पासपोर्ट मिळवून दिला, हे होतं. आणि एक वाक्य होतं, जे चौकशीवाल्यांना कशाला लागेल हे मला समजलं नाही: निघण्याच्या दिवशी हमाल ज्यूंचं सामान उचलायला तयार नव्हते, तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली. "हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "एवढं तरी लिहू दे."

पत्र गेलं. त्याचं उत्तर, आभाराची ओळसुद्धा, आलं नाही.

इंग्रज जायच्या बेतात होते, त्या उन्हाळ्यात मेमबाईंच्या बहिणीचा अर्जेंटिनाहून पत्ता लागला. त्यांना वाटत होतं ती छळछावणीत गेली. त्या तिकडे जायला निघाल्या. स्टेशनवर आईनं त्यांच्या हातात दशम्यांचा डबा दिला आणि "पोचल्याचं कळवा" म्हटलं. त्यांनी वाकून आईला नमस्कार केला, चांगला पायाला हात लावून. शाळेच्या मुली रडत होत्या. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून हात हलवला नाही. दोन्ही हातांत आईचा डबा होता.

दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. मला मोठ्यानं वाचल्याशिवाय कळेना. त्या तिथल्या शाळेत गाणं शिकवत होत्या. एका संध्याकाळी बाजारातून येताना त्यांना थिएटरवर त्याचं नाव दिसलं. नवा चित्रपट होता. पुढे लिहिलं होतं:

"शेजारीण, मी तिकीट काढलं. तो म्हातारा डॉक्टर झाला आहे. लहान काम. शेवटी मरतो. माझ्या बाजूची बाई खूप रडली. तिनं मला विचारलं, हा कोण नट? मी नाव सांगितलं. ती म्हणाली, चांगलं काम करतो. मी म्हटलं, हो, चांगलं करतो."

त्यानंतर मी दोन पत्रं पाठवली, पण तिकडून काही आलं नाही.

हे पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "म्हणजे भेट झाली म्हणायची."

मी म्हटलं, "हो."