डावीकडे वळणारा चेंडू

"मग जाय ना नाशिकले! तुले कोणी बांधी ठेयेल शे का आठे?"

भिलाने ताट पुढे ढकललं. थोरला भाऊ लोटन समोर बसून भाकरीचा पापुद्रा सोलत होता. नाशिकहून येऊन त्याला चार दिवस झाले होते, आणि रोज जेवणावर हेच चालू होतं.

"ताट ढकलू नको रे, अन्न शे ते," जमनाबाई म्हातारी म्हणाली.

"मग तूच सांग माय. सायेबनी नोकरी देयेल शे, ऱ्हावाले खोली शे, आनि हाऊ परत! लोक इचारतस, भाऊ काबरं उना? काय सांगू त्यास्ले?"

"सांगा, चेंडू डावीकडे गया," चुलीपासून लोटनची बायको छबूबाई म्हणाली. ती नवऱ्याची बाजू घेत होती की टोमणा मारत होती, ते तिच्या तोंडावरून कळेना.

लोटन पापुद्रा सोलतच राहिला. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला होता. हल्ली झोपेतही तो दुखायचा.

नंदुरबारच्या बाहेर, रेल्वेलाइनच्या अलीकडच्या मुरमाड माळावर जंगलखात्याच्या साहेबाने गॉल्फचं मैदान आखलं, तेव्हा लोटन तिथे राखणीला लागला. गवताचं नाव नव्हतं. चेंडू ज्या भोकात टाकायचा त्याच्या भोवतालची जागा बायका खळ्यासारखी शेणाने सारवून द्यायच्या. वाटेत डाव्या हाताकडून आडव्या आलेल्या बाभळी आणि उजव्या हाताला ओहोळ. सरळ मारलेला चेंडू बाभळीत जायचा आणि काट्यांतून तो काढता काढता लोटनचे हात सोलून निघायचे. साहेबाला जोडीदार मिळेना, म्हणून एक दिवस त्याने काठी लोटनच्या हातात दिली.

लोटनने आयुष्यात नेम धरला होता तो गोफणीने, ज्वारीतल्या माळ्यावर बसून, पाखरांवर. गोफण सोडताना मनगट शेवटी आत गुंडाळतात, तसंच त्याने काठीवर गुंडाळलं. चेंडू ओहोळावर गेला, आता बुडणार असं वाटलं, आणि मग म्हैस घराकडे वळावी तसा आरामात डावीकडे वळून बाभळींच्या पलीकडे उतरला. सारवलेल्या जमिनीवर घरंगळत भोकाशी जाऊन थांबला. साहेब ओरडला, "शाब्बास!"

तो एक फटका योगायोगाचा होता. तसाच पुन्हा यावा म्हणून मात्र लोटनने उन्हाळेच्या उन्हाळे घालवले. वारा उजवीकडून असला तर किती गुंडाळायचं, पडला तर किती, जमीन तापून टणक झाली की चेंडू किती आधी उतरवायचा. घरी भिला एकटा राबत होता. छबूबाई दोघांच्या वाटणीचं निंदत होती. लोटन संध्याकाळी यायचा तो खांदा धरून, आणि छबूबाई निमूटपणे तेल कोमट करायची. असे कष्ट शेतात केले असते तर, असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती.

मग साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाला खेळाची आवड नव्हती. माळावर पुन्हा गुरं चरू लागली. जुन्या साहेबाने नाशिकला बोलावून घेतलं: इथे ये, नव्या लोकांना शिकव.

नाशिकला हिरवंगार गवत होतं, मोकळं मैदान होतं, वारा नव्हता. लोटनने पहिला चेंडू मारला. तो डावीकडे वळला आणि कुंपणात गेला. दुसराही. सरळ मारायचं असं मनाशी घोकून त्याने काठी उचलली, तरी मनगट आपणहून गुंडाळलं गेलं. साहेब हसला. रागावला नाही. चांगल्या मनानेच म्हणाला, "लोटन, ही खोड आहे. सहा महिने दे, मोडून टाकू."

ज्या फटक्याला शाब्बास म्हटलं होतं, त्यालाच.

"सा महिनानं काय रे," जमनाबाई म्हणत होती. "इतलं शिकना, आखो थोडं शिकी ले. सायेब सोन्यासारखा शे."

"आनि आठे काय करसी?" भिला म्हणाला. "माळवर गाया हाकसी?"

"भाऊजी, गप ऱ्हा जरा." छबूबाई चुलीपासून उठून आली आणि नवऱ्यासमोर बसली. "तुम्हीच सांगा. जमई का तुम्हले, सरळ मारानं?"

इतक्या दिवसांत हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं.

लोटनने हात उलटा करून मनगटाकडे पाहिलं. जमलं असतं कदाचित. माणूस सगळं शिकतो. पण आधी हे काढून टाकायचं, मग ते घालायचं, आणि तेही जमलं की साहेबाची पुन्हा बदली होणार. त्याला एकदम इतका शिणवटा आला की समोरची भाकरी उचलणंही जड वाटलं.

"जमई," तो म्हणाला. "पन आते मन्हाकडून व्हत नही."

भिलाने ताट परत ओढून घेतलं.

लोटनने हात धुतले, पंच्याला पुसले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "नाशिकले मी जावाव नही. उद्यापाईन केळीनं पानी मी धरसू."