अण्णांनी भरलेला डबा

निनादच्या युरिन टेस्टमध्ये गांजाचा अंश निघाला आणि शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वी निनादला सायकोसिस झाला होता. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, माणसांवर संशय येणं. औषधांनी तो छान सावरला, एचएसआर लेआउट या आयटी वस्तीतल्या एका स्टार्टअपमध्ये नोकरीला लागला. आता संशय पुन्हा डोकं वर काढत होता.

"मॅडम, मी काहीही ओढलेलं नाही. माझ्या डब्यात कुणीतरी काहीतरी घालतंय."

हे वाक्य आमच्या ओपीडीत नेहमीचं. आजाराचंच लक्षण. मी डोस वाढवायला पेन उघडलं.

"जॉब सोडावा लागेल का?" त्याने विचारलं.

त्याचे वडील, अण्णा, बनशंकरी या जुन्या वस्तीत मुरलेले रिटायर्ड इंजिनिअर. बायको गेल्यापासून मुलाचा डबा तेच भरतात.

"अण्णा, डब्यात काय देता?" मी सहज विचारलं.

"बिसिबेळे भात, डाळ-भाज्यांचा. वर तूप." मग खाली बघून, "तुपात स्वल्प तेल. विजयाचं."

विजया म्हणजे भांग, गांजाचंच झाड. आपला मेंदू गांजाशी मिळतीजुळती द्रव्यं स्वतःच बनवतो. झोप, भूक, भीती यांचा तोल ती सांभाळतात. गांजातलं टीएचसी हा तोल बिघडवतं आणि सायकोसिस भडकवू शकतं. त्याच झाडातलं सीबीडी उलट उपयोगी पडेल का, यावर अजून संशोधन चालू आहे. अण्णांनी सीबीडीबद्दल वाचलं आणि तेल मागवलं. त्यात टीएचसी आणि सीबीडी दोन्ही होती.

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही नको म्हणाला असता. गोळ्यांना फार कंटाळलाय हो तो. सुटतील असं वाटलं."

रागवायचं होतं, पण त्या माणसावर रागावता येईना.

निनाद त्यांच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे डब्याचं मला उगाच वाटत नव्हतं?"

"नाही रे बाळा. मीच घालत होतो."

त्याने इतका मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं.

तेल बंद झालं, गोळ्या चालू राहिल्या. काही आठवड्यांत संशय ओसरला, नोकरीही टिकली. संशयाचा आजार असलेल्याचाही एखादा संशय खरा असतो. म्हणून पेशंटने काय घेतलं हे विचारण्याआधी मी आता घरच्यांनी काय वाचलंय ते विचारते.

डबा अजून अण्णाच भरतात. निनाद तेव्हा ओट्याशी येऊन उभा राहतो. गप्पा मारायला, असं म्हणतो; नजर मात्र तुपाच्या चमच्यावर असते. हा संशय मी लक्षणांत धरत नाही.