चपलेचं रबर

डोंगरातल्या पाडांग पांजांग गावच्या बाजारात जसरीलला नावाने कमी आणि 'नाकमुरड्या' म्हणून जास्त ओळखत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण "स्टिअरिंग थरथरतंय, कुणाला दाखवू?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "उतारावरच्या नाकमुरड्याकडे ने. तोंड वाकडं करील, चार शब्द ऐकवील, पण काम चोख करील."

त्याचं गॅरेज गावाच्या खालच्या टोकाला, जिथून रस्ता धबधब्याच्या घाटात उतरतो तिथे. इंजिनाला तो हात लावायचा नाही. त्याचं काम गाडीच्या पायांचं. चाकं धरून ठेवणारे आणि ती वळवणारे जेवढे म्हणून सांधे असतात, त्यांना आमच्याकडे गाडीचे पायच म्हणतात. घाटात राहणाऱ्या माणसाला गाडीच्या तोंडापेक्षा पायांची काळजी जास्त.

जसरील मूळचा किनाऱ्यावरचा, पारियामानचा. बाप मासे वाळवायचा. त्या वाळवणाच्या वासाने लहानपणापासून याला मळमळे. भावंडं हसायची, आई म्हणायची, "समुद्रावर जन्मून माशाची किळस? तुझं कसं व्हायचं रे!" विशीत तो वर डोंगरात आला तो या वासापासून पळून. इथे ग्रीस, सडकं रबर, चिखल आणि चाकाखाली चिरडलेल्या बेडकांशी गाठ पडली. पण तो म्हणायचा, "ही घाण धुतली की जाते." दर तासाला तो कपड्याचा साबण आणि वाळू लावून कोपरापर्यंत हात खरडत बसे.

इथल्याच एलिमारशी त्याचं लग्न झालं आणि तो तिच्या आईच्या घरात राहायला गेला. आमच्यात सगळेच जावई घरजावई. घर बायकांचं, शब्द बायकोच्या भावाचा, आणि जावई म्हणजे झाडाच्या खुंटावरची राख. वारा आला की उडाली. एलिमारचा थोरला भाऊ मास्रुल हा घराण्याचा दातुक, म्हणजे कर्ता. घरापासून मशिदीपर्यंत सगळे त्याला दातुकच म्हणत. बाजारात त्याचं सुट्या भागांचं मोठं दुकान होतं. गाड्यांचे लागतील ते भाग जसरीलने त्याच दुकानातून आणायचे, हे लग्नाच्या वेळी कुणी बोललं नव्हतं, पण ठरलेलं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी देस्निताची व्हॅन गॅरेजात आली ती खेचून आणलेली. देस्निता विधवा बाई, चाळिशीची, शाळेच्या मुलींची ने-आण करायची. पुढचं डावं चाक बाहेर तिरकं झालेलं, दारापाशी माती आणि गवत. ती उतरली.

"उदा, मी वळवलं आणि गाडी वळलीच नाही," ती म्हणाली. उदा म्हणजे दादा. "म्हणजे वळली, पण उशिरा. धबधब्याच्या अलीकडचं वळण. समोर दरी. मी उजवीकडे ओढत्येय, ओढत्येय, आणि गाडी आपली विचार करत्येय. मग एकदम झटका बसला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली."

"पोरी?"

"सगळ्या धड आहेत. रडल्या, ओकल्या. आत बघू नका."

जसरीलने आत बघितलं नाही, पण वास यायचा तो आलाच. शिळा भात, नारळ आणि आंबट. त्याने फडकं नाकाला बांधलं आणि गाडी जॅकवर घेतली. लाकडी ठोकळे लावले, चाक काढलं. मग देस्निताला म्हणाला, "बस आत. स्टिअरिंग थोडं थोडं इकडेतिकडे हलव. जोरात नाही."

ती हलवू लागली. तो खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवत गेला. सांधा चांगला असला की हाताला काही कळत नाही, नुसती दांडी सरकते. डावीकडच्या टायरॉडच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या, टोकावर त्याने हात ठेवला, आणि आत कुणीतरी दार ठोठावावं तसं टक टक झालं. दांडी आधी हलत होती, चाक नंतर.

"थांब," तो म्हणाला.

रमजानची ईद झाल्यावर हाच सांधा त्याने स्वतः बदलला होता. त्याआधी पावसाळ्यात एकदा. दोन्ही वेळा नवा, पुठ्ठ्याच्या पेटीतून काढलेला, वर काळा चकचकीत रंग. दोन्ही वेळा त्याने देस्निताला ऐकवलं होतं, "खड्ड्यातून गाडी हाणतेस, मग पाय मोडणारच." आता ते आठवून त्याचं तोंड कडू झालं.

त्याने पिन ओढली, नट सोडवला, दोन बाजूंनी दोन हातोडे मारून सांधा मोकळा केला. दांडीवरून काढताना आधी खडूने खूण केली, कारण नवा तिथवरच फिरवायचा असतो. मग तो सांधा शेगडीवर धरावा तसा दूर धरून त्याने आडवा कापला. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या आणि जळक्या रबराचा धूर निघाला.

असल्या सांध्याच्या आत रबर नसतं. लोखंडाची गोटी असते आणि तिला बसायला कडक प्लास्टिकची वाटी. इथे गोटी झिजून अंड्यासारखी झालेली, आणि वाटीच्या जागी निळ्या चपलेचे तुकडे कोंबलेले. एका तुकड्यावर चपलेची नक्षी होती, छोटी छोटी फुलं. बाकी काळं, वाळू मिसळलेलं ग्रीस, पिकलेल्या गळवासारखं बाहेर येत होतं.

कुणाच्या तरी भंगारात टाकलेल्या गाडीचा सांधा उचलायचा, खालचं झाकण उचकटायचं, कुणीतरी पायात घालून झिजवलेली चप्पल आत ठासायची, झाकण ठोकायचं, रंग मारायचा आणि नव्या पेटीत घालायचा. कुणीतरी बसून, चहा पीत, हे केलं होतं. जसरील गटारापाशी गेला आणि ओकला.

देस्निता जवळ येऊन तो तुकडा बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे तुम्हीच बसवलंत ना?"

"मीच."

"मग मला का बोलत होतात? खड्डे, खड्डे म्हणून?"

जसरीलने हात खरडून धुतले, कापलेला सांधा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दुपारच्या नमाजानंतर घरी गेला.

शुक्रवारी दातुक आईकडे जेवायला यायचा. ओटीवर चटई अंथरलेली, मधोमध भात, मांसाचं रेंडांग, फणसाची आमटी, तळलेली कुरकुरीत कातडी. दातुक भिंतीला टेकून बसलेला, शेजारी त्याची म्हातारी आई, अमाक. एलिमार वाढत होती. जसरीलने वर्तमानपत्र उलगडलं आणि दातुकच्या ताटासमोर ठेवलं. ग्रीस अजून ओघळत होतं.

"हे काय आणलंस?" दातुकने हात आखडला.

"तुमच्या दुकानातला माल. ईदनंतर मी देस्निताच्या गाडीत बसवलेला, आज ती गटारात गेली. आत बघा."

दातुकने बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "आता कारखानदाराने आत काय घातलं ते मी पेटी फोडून बघत बसू?"

"पेटी आणि माल वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात, दातुक. तुमच्या मागच्या खोलीत पेट्यांची चळत मी डोळ्यांनी बघितलीय. घड्या घातलेल्या, कोऱ्या. मला वाटलं, फाटलेल्या बदलायला असतील. गाढवासारखं वाटलं मला."

"हळू बोल," अमाक म्हणाली. "जेवणावर लोखंड मांडतात का? उचल ते."

"अमाक, यात चप्पल आहे. पायातली चप्पल."

"अरे, सगळा बाजार हेच विकतो," दातुक म्हणाला, आता जरा चिडून. "लोकांना स्वस्त पाहिजे आणि नवंही पाहिजे. मी नाही विकलं तर पलीकडचा विकेल. तुला माशाच्या वासानेसुद्धा ओकारी येते. तू काय धंदा शिकवतोस? खुंटावरची राख खुंटावर शोभते, ताटात पडू देऊ नये."

आमटीचं भांडं खाली ठेवून एलिमार म्हणाली, "दादा, ही देस्निताची गाडी. आपली रिफ्नी त्याच गाडीने शाळेत जाते." रिफ्नी म्हणजे तिची आणि जसरीलची धाकटी मुलगी, दातुकची भाची. आमच्यात भाची म्हणजे मामाच्या जबाबदारीतलं पहिलं माणूस. आज ती सर्दीमुळे घरी होती, आतल्या खोलीत झोपलेली.

दातुकने कातडीचा तुकडा मोडला. "मग तिला दुसऱ्या गाडीने पाठव," तो म्हणाला.

अमाकने मुलाकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. एलिमारने भाताचं पातेलं उचललं, मग रेंडांग, मग दातुकच्या पुढ्यातलं ताट. त्याचा हात अजून ताटात होता.

"माझं झालं नाही अजून," तो म्हणाला.

"झालं," एलिमार म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जसरील बसने शेजारच्या बुकितिंगी शहरात गेला आणि ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन खरे सांधे घेऊन आला. एकेकाचं झाकण, शिक्का, गोटीची हालचाल हातात फिरवून बघितली. खरा नवा सांधा हाताने सहज फिरत नाही, जोर लावावा लागतो. देस्निताच्या व्हॅनला त्याने दोन्ही बाजूंची टोकं बदलली, आतल्या बाजूचेही सांधे बदलले, कारण एक पाय लंगडा झाला की दुसराही झिजलेला असतो. स्टिअरिंग हलवायला या वेळी एलिमार येऊन बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गॅरेजात ती पहिल्यांदाच बसली होती.

"कळतंय का काही?" तिने वरून विचारलं.

"काही कळत नाही. म्हणजे बरोबर आहे."

"शी, काय वास आहे इथे. पोरींच्या ओकारीचा अजून येतोय."

"मी दोनदा धुतलंय."

"तिसऱ्यांदा धुवा."

चाकं सरळ करायला त्याने गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली आणि मापं जुळेपर्यंत टोकं पिळत राहिला. मग देस्निता धबधब्यापर्यंत जाऊन आली. येऊन एवढंच म्हणाली, "बोट लावलं तरी वळतेय." पण त्याच्याशी पूर्वीसारखी हसली नाही, आणि तिने हसावं असं त्यालाही वाटलं नाही.

त्या बाजारातल्या किती गाड्यांच्या पायांत त्याच्या हाताने चपला गेल्या होत्या, ते त्याला ठाऊक होतं. कापलेला सांधा दाखवायला घेऊन तो एकेका मालकाकडे गेला. "गाडी आणा, मी तुमच्याकडून काही घेणार नाही, तो सांधा काढून खरा घालतो." काही आले. बरेच आले नाहीत. भाजीचा टेम्पो चालवणारा म्हणाला, "आवाज येत नाही ना, मग कशाला उघडायचं? दुखत नसलेला दात कुणी उपटतं का?" कापडवाला हसला, "आधी घालायचं, मग काढायचं! दोन्हीकडून खा, मिस्त्री." दुकानात दातुक सांगत सुटला होता, की ग्रीसच्या वासाने जावयाचं डोकं फिरलंय. लोक ऐकून माना हलवत आणि तिथूनच स्वस्तातला माल नेत. त्यांनी ते रबर डोळ्यांनी बघितलं होतं, तरी नेत. जसरीलला आधी दातुकची किळस आली होती. आता सगळ्या बाजाराची येऊ लागली. शुक्रवारी तो घरी जेवेनासा झाला.

असे काही महिने गेले. एका दुपारी पाऊस कोसळत असताना एक मोठी काळी गाडी कण्हत गॅरेजात शिरली. दातुकची. तो एकटाच होता. गाडीतून न उतरताच म्हणाला, "उजवीकडे ओढतेय. बघ जरा."

जसरीलने गाडी ठोकळ्यांवर घेतली, चाकं काढून बघितलं. दोन्ही टोकं संपत आली होती, पण झीज खरी होती, वर्षानुवर्षांच्या चालण्याने आलेली. दुकानातला माल या गाडीत कधी गेलाच नव्हता.

"नवीन लागतील," तो म्हणाला. "तुमच्या दुकानातून मागवू?"

"थट्टा पुरे," दातुक म्हणाला. "तू बुकितिंगीहून आणतोस ना, ते घाल."

जसरीलने त्याच्याकडे बघितलं. केस नीट विंचरलेले, अंगाला अत्तराचा वास, बोटात अंगठी. पारियामानच्या वाळवणात किडे पडलेले मासे असत. त्यांच्याकडेही त्याने असं कधी बघितलं नव्हतं.

"दुकानातल्या त्या पेट्या मालासकट इथे आणा," तो म्हणाला. "सगळ्या. मग घालतो."

"वेडा आहेस का?"

"गाडी ठोकळ्यावर आहे, चाकं काढलीत. तुम्ही चालत जा."

दातुक गाडीतून उतरला. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग छत्री उघडून तो खरंच चालत गेला. गाडी त्या दिवशी तिथेच राहिली, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक घोडागाडी पोती घेऊन आली. घोडेवाल्याने पोती उतरवली आणि काही न बोलता निघून गेला. सगळ्या पेट्या नव्हत्या. जसरीलला दुकानाचा अंदाज होता, अर्ध्याही नसाव्यात.

त्याने ग्राइंडर लावला. एकात सायकलची ट्यूब निघाली, एकात फडक्याचा बोळा, एकात नुसतं ग्रीस, बऱ्याचशांत चपला. लाल, हिरव्या, निळ्या. धुराने गॅरेज भरलं. देस्निता मुलींना सोडून जाताना थांबली, नाकाला ओढणी लावून थोडा वेळ बघत उभी राहिली आणि पुढे गेली. एलिमार डबा घेऊन आली, ती दारातच थबकली.

"थोडे ठेवा ना पुरावा म्हणून," ती म्हणाली.

"कुणाला दाखवायला? ज्यांना दाखवायचं त्यांनी बघितलंय."

शेवटचा सांधा कापून झाल्यावर त्याने दातुकच्या गाडीला खरे भाग बसवले. नट घट्ट केले, पिन वाकवली, सुतळी ताणून चाकं जुळवली. काम नेहमीसारखंच चोख केलं, कारण त्या घाटात समोरून येणारी गाडी कुणाचीही असू शकते. दातुकचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला.

एलिमारने डबा उघडला. जसरीलने हात धुतले, हुंगले, परत धुतले, परत हुंगले.

"वास जात नाही," तो म्हणाला. "तूच खा. मला नुसता चहा दे."