आभाराचं मत

पेंगू,

तुझ्या संघाच्या स्मरणिकेत तुझ्यावर लेख येणार आहे म्हणे. ‘द्रष्टं नेतृत्व’ वगैरे. असले शब्द मला पचत नाहीत, म्हणून त्याआधी मीच लिहून टाकते. चार लोकांनी वाचलं तर वाचू देत. थोरल्या बहिणीला एवढा हक्क आहे.

जगाला तू मदर, शंभरावर धर्मभगिनींच्या संघाची प्रमुख. मला तू पेंगूच. शाळेच्या बाकावर, चर्चमध्ये फादरांचं प्रवचन चालू असताना, आईच्या मांडीवर, कुठेही डुलक्या काढायचीस. मठात जायचं म्हणालीस तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, “तिथं पहाटे उठवतात, माहीत आहे ना?” तू म्हणालीस, “उठेन की.” आणि उठलीस जन्मभर. झोपायचं तेवढं राहून गेलं.

लोकांना वाटतं, मदर म्हणजे प्रार्थना आणि आशीर्वाद. मी तुझं ऑफिस पाहिलंय. एका कपाटाचं दार कागदाची घडी खुपसून बंद ठेवलेलं. भिंतीवर खिळ्यांना किल्ल्यांचे जुडगे, एकेका बंद केलेल्या मठाचे. नव्या मुली येत नाहीत, जुन्या म्हाताऱ्या होतात, तेव्हा तुझ्या वाट्याला आलेलं नेतृत्व म्हणजे दारं लावत जाणं. कुठली इमारत विकायची, कुणाला कुठे हलवायचं, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही ते तोंडपाठ ठेवायचं.

एकदा मी समोर बसलेली असताना एक वाकलेली सिस्टर आत आली. तिच्या मठात तिघी उरल्या होत्या आणि जिना एकीलाही चढवत नव्हता. तो मठ तू बंद करणार होतीस.

“मदर, पाठवाल तिथे जाईन. आज्ञा पाळायचं व्रत घेतलंय.”

“मग अडलं कुठे?”

“त्या घोरणाऱ्या सिस्टरच्या शेजारची खोली तेवढी नको.”

“ती कुणालाच नको असते. म्हणून मी घेतली आहे.”

म्हातारी हसली, मग पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसत गेली. मी विचारलं, “खरंच तू तिथे झोपतेस?”

“झोपते कुठली, ताई. पडते.”

अशी बारा वर्षं झाली. सहा-सहाच्या दोन पाळ्या. तिसरी पाळी सहसा देत नाहीत. द्यायचीच तर दोन तृतीयांश मतं लागतात, वर धर्मपीठाची परवानगीही काढावी लागते. त्यामुळे तू निर्धास्त होतीस. माझ्या गल्लीच्या टोकाला तुमच्या चार सिस्टर बालवाडी चालवतात, तिथे तुला यायचं होतं. “पोरांचे रुमाल धुवायला द्या मला. आणि दुपारी कुणी उठवू नका,” म्हणायचीस. इतक्या वर्षांत तू स्वतःसाठी मागितलेलं हे एवढंच. मी तुझ्यासाठी उशीसुद्धा घेऊन ठेवली, चपटी, तुला आवडते तशी.

आणि मग नवी मदर निवडायची तुमची ती महासभा झाली.

मला कळलं ते तुमच्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टरकडून. तिलाही मत होतं. मी तुला न्यायला टॅक्सी घेऊन आले, तर ही फाटकातच उभी, चेहरा दूध नासल्यासारखा.

“ताई, घोळ झाला.”

“कसला?”

“आमच्यात रीत आहे. पहिल्या फेरीत मावळत्या मदरला एक मत द्यायचं. आभाराचं. अगदीच शून्य पडू नये म्हणून. खरी निवड दुसऱ्या फेरीपासून.”

“मग?”

“प्रत्येकीला वाटलं, बाकीच्या काही देणार नाहीत, आपण तरी देऊ या.”

“आणि सगळ्यांनी दिलं?”

“एकच मत दुसरीकडे गेलं. ते मदरांचं स्वतःचं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. शिकल्यासवरल्या बायका! बोललं का नाही कुणी, की आम्हाला असं म्हणायचं नव्हतं? “कसं बोलणार, ताई,” ती रडवेली झाली. “मदर समोर बसलेल्या. आम्हाला तुम्ही नको आहात, असं तोंडावर म्हणायचं? एकीने टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.”

तू ऑफिसात बसली होतीस, बूट काढून, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून. मी दारातूनच सुरुवात केली.

“निवड झाल्यावर बिशपांनी विचारलं ना तुला, मान्य आहे का म्हणून?”

“विचारलं.”

“मग जीभ कुठे गेली होती? नाही म्हणायचं होतंस!”

“सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, ताई. मी नाही म्हणेन अशी आशा लावून.”

“म्हणजे तुला कळलं होतं?”

“मीही मागच्या मदरना तसंच मत दिलं होतं की. पण बायकांनी आभार मानले आणि मी ते परत त्यांच्या तोंडावर फेकायचे? त्या जन्मभर एकमेकींकडे बघू शकल्या नसत्या.”

“आणि तू? तुझं काय?”

बघते तर तुझी मान छातीवर कललेली. बोलता बोलता डोळा लागला होता. वाटलं, हलवून उठवावं आणि चांगलं झापावं. उठवलं नाही. बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता, त्याला जाऊन गप्प केलं, पैसे देऊन रिकामाच पाठवला, आणि तू जागी होईपर्यंत समोर बसून राहिले. त्या खोलीत मी तुझ्यासाठी केलेलं तेवढंच.

तिसरी पाळी आता अर्धी उलटली. परवानगी लगेच आली. नको असलेल्या गोष्टींना उशीर होत नाही. भिंतीवर आणखी दोन जुडगे टांगलेत, आणि दर वेळी फोनवर तू म्हणतेस, “येते गं, जरा हे मार्गी लागू दे.”

आपलं चांभाराकडे जायचं ठरलं होतं, आठवतं? तुझ्या अंगठ्याजवळचं हाड इतकं वाढलंय की दुकानातला कुठलाच बूट बसत नाही. माझ्या गल्लीतल्या चांभाराला मी तुझं माप सांगायला लागले तर तो म्हणाला, “बाई, माप नको, पाय आणा.” त्याने मऊ कातडं बाजूला काढून ठेवलं होतं. सहा वेळा तुला विचारलं, सहाही वेळा तुझी कुठली तरी बैठक होती. गेल्या आठवड्यात त्याने दुकान मुलीच्या नवऱ्याला दिलं आणि घरी बसला. जावई तयार चपला विकतो. ते कातडं म्हाताऱ्याने माझ्याकडे आणून दिलं, ते इथे तुझ्या उशीवर ठेवलंय.