दुरानचा डावा कान

दुरान ढोलवाल्याने तुर्कस्तानातल्या किरशेहिरकडच्या आपल्या गावची कितीतरी पोरं वाजतगाजत फौजेत पाठवली. तळहातावर मेंदी लावलेली पोरं, डोळे पुसणाऱ्या आया, पुढे दुरानचा ढोल आणि त्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून हिदिर उस्तादांची सनई. ढोलाशिवाय गेलेला मुलगा म्हणजे जणू घर सोडून पळालेला, अशी तिथली समजूत.

पण वाजवणाऱ्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. लग्न असो की फौज, बोलावणं त्यांनाच. जेवण मात्र अंगणात, भिंतीकडे तोंड करून. दुरानला ते घासाघासाला टोचायचं. फौजेत सगळ्यांची डोकी एकच वस्तरा भादरतो आणि एकाच बाकावर बसून सगळे एकच डाळ खातात, हे त्याने परतलेल्या पोरांकडून ऐकलं होतं. शिवाय हिदिर उस्तादांची एलमास होती. फौज करून न आलेल्याला पोरगी द्यायची नाही, हा उस्तादांचा बाणा वस्तीत सगळ्यांना पाठ होता. दुरानला दोन्ही हवं होतं, तो बाक आणि ती मुलगी.

त्याची पाळी आली तेव्हा ढोल कोणी वाजवायचा, असा प्रश्न पडला. दुसऱ्याच्या हाती ढोल देणं त्याच्या जिवावर आलं. आईने संध्याकाळी त्याच्या उजव्या तळहातावर मेंदीचा गोळा ठेवून वर फडकं बांधलं. सकाळी फडकं सोडलं, त्याच हातात टिपरू घेतलं आणि पठ्ठ्याने स्वतःची पाठवणी स्वतःच वाजवत बस गाठली. उस्ताद शेजारी गाल फुगवून फुंकत होते.

छावणीच्या दवाखान्यात चड्डीवर रांग. वजन, छाती, दात, डोळे, तळपाय, सगळीकडे शिक्के बसत गेले. शेवटी कान. डॉक्टर पाठीमागे उभा राहून पुटपुटायचा आणि ते आपण मोठ्याने म्हणून दाखवायचं. डावा कान बोटाने बंद केला, ठणठणीत जमलं. मग उजवा बंद केला आणि दुरान नुसताच उभा राहिला. डॉक्टर बहुतेक चहाला गेला, असं वाटून त्याने वळून पाहिलं. डॉक्टरचे ओठ हलत होते.

डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने यंत्रं लावून पुन्हा पाहिलं, मग धंदा विचारला, साथीला काय असतं तेही विचारलं.

"सनईवाला कोणत्या अंगाला उभा असतो?"

दुरानने डावा हात वर केला. डॉक्टरने पेन उचललं.

मेंदी लालभडक असताना तो परत गावात उतरला. थांब्यावरच्या चहावाल्याने विचारलं, छावणी बंद पडली की काय? फौजेने नापास करून परत धाडलेल्या माणसाला तिथे 'सडका' म्हणतात. टोपलीतून काढून फेकलेलं फळ जसं. आणि म्हणणारे कोण? ज्यांची पोरं पोचवता पोचवता त्याचा कान गेला, तेच ओट्यावर बसलेले.

उस्तादांनी निरोप धाडला की माझा शब्द ठाऊक आहे, वाईट वाटून घेऊ नका. आई तरीही त्यांच्या घरी गेली, मागोमाग दुरान. चहा आला. उस्ताद मान खाली घालून साखर ढवळत बसले. दुरानने रडगाणं गायलं नाही. डॉक्टरने काय विचारलं आणि आपण कोणता हात वर केला, एवढंच सांगितलं. चमचा थांबला.

दारात ताट घेऊन उभी असलेली एलमास म्हणाली, "बाबा, त्याचा कान तुम्ही खाल्लात. आता भरपाईला काय देणार, सनई?"

आईने हसू ओढणीत दाबलं. उस्ताद म्हणाले, "हाक मारली तर पोरगा वळत नाही, मला वाटायचं माजलाय. किती शिव्या घातल्या मी तुला."

"एकही पोचली नाही, उस्ताद."

गाठ तिथेच पक्की झाली. लग्नात नवरदेवाची मेंदी डाव्या हातावर चढली. उजव्या हाताच्या नखांत फौजेची अजून बाकी होती. ढोल मात्र दुसऱ्याने वाजवायचा, ही एलमासची अट. ताल ढिला पडतोय म्हणून नवरदेव बोहल्यावर बसूनही कुरकुरत होता.

बाक फौजेत मिळाला नाही, तो दुरानने गावातच मिळवला. पंगतीत ताट मांडाल तर ढोल उचलीन, असं त्याने सांगून टाकलं. दोन घरं चिडली, नको तुझा ढोल म्हणाली. मग पोराला ढोलाशिवाय बसमध्ये बसवायची वेळ आली, तेव्हा ताटं मांडली गेली, आणि उस्तादांचंही त्याच्या शेजारी.

त्या पहिल्याच पाठवणीला उस्ताद सनई घेऊन हळूच त्याच्या उजव्या बाजूला सरकले. दुरानने त्यांचा दंड धरून त्यांना परत डावीकडे आणलं.

"इथेच उभे राहा. हा कान तुमचाच आहे. दुसरा तुमच्या लेकीसाठी ठेवलाय."

उस्तादांनी गाल फुगवले.