आठवं बाकडं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये थांबवू नका मला. हा किस्सा एका दमात सांगितला तरच सांगून होतो. थांबले की माझी मलाच लाज वाटते, आणि मग मी विषय बदलून तुमच्या सुनेचं कसं चाललंय ते विचारायला लागते.

गावाचं नाव मात्र विचारू नका. यवतमाळ जिल्ह्यातलं नगरपंचायतीचं गाव आहे, दिग्रसची एस.टी. तासाभरात पोचवते, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर उद्या अध्यक्षसाहेब चहाला यायचे, आणि त्यांना बसायला द्यायला माझ्या अंगणात आता एका खुर्चीशिवाय काही उरलेलं नाही. का उरलं नाही? तेच तर सांगतेय!

आमच्या गल्लीतलं मला माहीत नाही असं काही नसतं. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा गॅस संपला, कोणाच्या तुरीला यंदा शेंग धरली नाही, सगळं. लोक भोचक म्हणतात. म्हणोत! पण कोणाच्या घरी अडलं की पहिली हाक ‘मंदाकाकू!’ अशीच येते ना?

तर शेजारची सविता राठोड. आमच्या प्रभागाची नगरसेविका. गुणी पोरगी, पण पहिल्यांदाच निवडून आलेली. सभेला जायची, सही करायची, चिवडा खायची, परत यायची. बोलायचं काम तिचा नवरा करायचा, तेही सभेच्या बाहेर, पानठेल्यावर.

तिची सासू जमनाबाई. त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून सगळी गल्लीच म्हातारीला याडी म्हणते. याडीचे गुडघे पार गेलेले. एक दिवस आम्ही दोघी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तुम्ही आमचा दवाखाना पाहिला नाही. आवार मोठं, आणि त्यात टेकायला एक दगड नाही! पोटुशा बाया जमिनीवर, म्हातारे जमिनीवर, शेळी तेवढी पायरीवर. याडीपण बसली खाली. बसली ती बसलीच. नंबर आला तर उठता येईना! मी एक हात ओढतेय, सविता दुसरा ओढतेय, आणि याडी मधून म्हणते, “सविते, तू मेंबर झाली म्हून गावभर पेढे वाटले म्या. पन तुह्या सासूले टेकाले जागा नाई!”

सविताचा चेहरा खर्रकन उतरला. दुपारी ती तशीच माझ्या अंगणात आली आणि माझ्या बाकड्यावर बसली.

आता माझ्या बाकड्याचं सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी मी बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणाला पांढरकवड्याला गेले होते, चांगली महिनाभर. परत आले तर अंगणात भिंतीला टेकून सिमेंटचं हे भलंमोठं बाकडं! आमच्या ह्यांची पिठाची चक्की. जन्मभर त्या घरघरीत राहून माणसाची बोलायची सवयच मोडली आहे.

“हे काय जी?” मी विचारलं.

“आलं.”

“कोनासाठी?”

ह्यांनी एकदा बाकड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, “बस ना.”

बस्स! एवढंच! पण मला काय कळायचं ते कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं कधी गजरा आणला नाही, आणि आणलं तर एकदम बाकडं! मी तिथंच पदर डोळ्यांना लावून रडले हो. मग गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. दर दिवाळीला त्याला गेरू लावला, वर गोधडी अंथरली. बाया यायच्या, बाकड्याकडे पाहून गालात हसायच्या. मी म्हणायचे, जळतात मेल्या!

तर त्या बाकड्यावर बसून सविता म्हणाली, “काकू, म्या जुने कागद पाह्यले. दोन वर्षांपह्यले आपल्या प्रभागासाठी आठ बाकडी घेतली नगरपंचायतीनं. दवाखान्यापुढं ठेवाले. ‘नागरिकांसाठी आसनव्यवस्था’ असं लिवलं हाय. बिलबी निघालं. मंग बाकडी गेली कुठं?”

मला असं विचारायचं नसतं! विचारलं की माझ्या अंगात येतं.

आठ दिवस मी गाव पिंजून काढलं. कोणाकडे कढीलिंब मागायला, कोणाकडे विरजण मागायला. बाकडं दिसलं की मागे किल्ली पाडायची आणि वाकून पाहायचं. प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या रंगात ‘नगरपंचायत’ आणि खाली आमचा प्रभाग! एक उपाध्यक्षांच्या गोठ्यात निघालं, त्याला म्हैस बांधलेली. एक ठेकेदाराच्या शेतात. एक अध्यक्षांच्या साळ्याच्या सलूनपुढं. तिथं बाईमाणसानं कसं जायचं? म्हणून मी ह्यांना पाठवलं. आठवड्यात दोनदा कटिंग. ह्यांच्या डोक्यावर मोजून दोन ओळी केस!

दुसऱ्यांदा आले तेव्हा ह्यांचा चेहरा पांढरा. मला वाटलं, पीठ असेल.

“मंदे,” म्हणाले, “सोड ना ते बाकड्याचं.”

“भेता कायले? आपल्या घरचं थोडंच हाय?”

ह्यांनी चहा एका घोटात संपवला. उकळता होता हो.

सात सापडली. आठवं काही केल्या सापडेना. सविता आणि मी माझ्या बाकड्यावर बसून ठिकाणं टिपलेली वही पाहत होतो. “आठवं कुठं असंन, काकू?” तिनं विचारलं. मी बाकड्यावर थाप मारून सांगितलं, “अध्यक्षाच्या घरी! दुसरं कुठं राहीन?” आणि वहीत लिहूनही टाकलं.

सभेचा दिवस उजाडला. मी मागे, बघ्यांच्या खुर्चीत. विषय पटापट ‘मंजूर, मंजूर’ होत गेले. चिवड्याच्या प्लेटा आल्या. आयत्या वेळचे विषय पुकारले, आणि आमची सविता उभी राहिली. सभागृहात कोणी तिला उभं पाहिलेलंच नव्हतं. अध्यक्षांना वाटलं, बाई घरी निघाली.

“काय वहिनी? राठोडभाऊ नाई आले का आज?”

सगळे फिदीफिदी हसले.

“निवडून मी आली, साहेब,” सविता म्हणाली. “ते कायले येतीन?”

चिवड्याचा आवाज बंद झाला. मी खुर्चीच्या कडेला आले!

“दवाखान्यापुढची आठ बाकडी कुठं हायेत? पैसा लोकायचा गेला, अन् लोक भुईवर बसून राह्यले.”

“लावले ना!” अध्यक्ष म्हणाले. “कागदोपत्री सारं बरोबर हाय.”

“कागदावर माह्या सासूले बसता येत नाई, साहेब!”

मी टाळ्या वाजवल्या. शिपाई धावत आला, “काकू, बघणाऱ्यायनं टाळ्या नाई वाजवायच्या.” मी म्हटलं, “मंग तू वाजव!”

सवितानं वही उघडून सातही ठिकाणं वाचली. उपाध्यक्ष उठले, “म्हैस माही हाय, बाकडं कोनाचं ते म्हशीले इचारा!” अध्यक्षांनी त्यांना हातानंच खाली बसवलं आणि शांतपणे विचारलं, “अन् आठवं?”

सविता जरा घुटमळली. अन् इथं, बघा, माझ्या जिभेनं घात केला. बाहेरच्यांनी सभेत बोलायचं नसतं, पण मी खुर्चीवर चढलेच होते!

“ते तुमच्याच घरी हाय! घ्या झडती! सविता, ठराव मांड! सारी सभा पायी जाईन, अन् ज्याच्या अंगनात बाकडं निघंन, त्यानं सोता उचलून भर बाजारातून दवाखान्यात नेऊन ठेवावं!”

बिचारीनं माझ्यावर विश्वास ठेवून शब्दन् शब्द ठराव मांडला. तिच्या आयुष्यातला पहिला ठराव! अध्यक्ष अडकणार म्हटल्यावर निम्म्या मेंबरांना आतून गुदगुल्या. त्यांनी टेबलं बडवली, “मंजूर!”

अध्यक्ष शेजारी बसलेल्या नगरपंचायतीच्या इंजिनिअरच्या कानाशी लागले. इंजिनिअरनं एक जुनं रजिस्टर उघडलं, एका सहीवर बोट ठेवलं. दोघंही हसले. ते हसणं मला दिसलं हो! पण तेव्हा ऐकतंय कोण, मी तर खुर्चीवर होते.

“मंजूर,” अध्यक्ष म्हणाले. “पन आधी आठवं.”

निघाली वरात! पुढे अध्यक्ष, मागे मेंबर, त्यांच्यामागे अर्धा बाजार, आणि सगळ्यांत पुढे, अध्यक्षांच्याही पुढे, कंबर खोचून मी. चौकात अध्यक्ष आमच्या गल्लीकडे वळले. मला वाटलं, जवळचा रस्ता धरला. माझ्या फाटकाशी येऊन थांबले.

“मंदावहिनी, पानी भेटंन का?”

शत्रूलाही पाणी द्यावं म्हणून मी आत गेले. तांब्या घेऊन बाहेर आले, तर गोधडी खाली पडलेली आणि चार माणसं माझं बाकडं भिंतीपासून ओढतायत. पाठ फिरली. पुढून दोन दिवाळ्यांचा गेरू, आणि मागं निळ्या अक्षरात नगरपंचायत! खाली आमचा प्रभाग!

तांब्या कुठं पडला मला आठवत नाही.

सगळ्या गावाच्या पाठी मी वाकून वाकून पाहिल्या, आणि घरच्या बाकड्याची पाठ तेवढी राहिली होती!

हे चक्कीतून पिठानं माखलेले येऊन दारात उभे.

“हे काय जी?” मी विचारलं. दोन वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न.

“गाडीवाला म्हने, आज इथं उतरवतो, उद्या दवाखान्यात नेतो. म्या सही देल्ली. त्याचा उद्या उगवलाच नाई.”

“मंग मले सांगता नाई आलं?”

“तू आली, पाह्यलं, अन् रडाले लागली.” ह्यांनी मान खाली घातली. “इतली खूश होती तू. मंग काय सांगू?”

आता ह्यावर बाईनं भांडावं कसं, तुम्हीच सांगा!

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी बोललं, “आमाले माहीत होतं, काकू.”

“कोनाकोनाले?”

“साऱ्या गल्लीले. मेंबरले तेवढं कोनी बोललं नाई.”

ऐका! सगळ्या गल्लीला! जिला सगळ्यांचं सगळं माहीत, तिला सोडून!

गाव खो खो हसत होतं. अध्यक्षांनी रुमालानं डोळे पुसले आणि सविताकडे वळले, “मंग वहिनी, झाली ना हौस? प्रश्न मागं घेतला असं लिवून टाकतो.”

सविता पायाकडे पाहत होती. तिच्या घरच्या ओट्यावरून याडी हे सगळं बघत होती. मला सांगा, माझी फजिती झाली ती झाली, पण म्हणून त्या म्हातारीनं पुन्हा भुईवर बसायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मागं? कायले मागं?” मी ओरडले. “ठराव मंजूर झाला ना? ज्याच्या अंगनात निघंन त्यानं उचलावं. माह्या अंगनात निघालं, मी उचलतो! धरा जी तिकून!”

ह्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं. बाकडं तसूभर हललं नाही. सिमेंट ते! मग सवितानं साडी खोचली आणि हात घातला. मग ज्या बाया दोन वर्षं गालात हसत होत्या, त्या आल्या. सहा बाया आणि एक चक्कीवाला, असं आमचं बाकडं भर बाजारातून निघालं. दहा पावलं चाललं की टेकवायचं, आणि टेकवलं की मी त्याच्यावर बसायचे. काय करणार, सवय!

दवाखान्यापुढं बाकडं ठेवलं आणि मी घाम पुसत अध्यक्षांपुढं उभी राहिले.

“माह्यं झालं. आता म्हैस सोडा!”

गाव आताही हसत होतं, पण आता माझ्या बाजूनं हसत होतं. ज्यांनी टेबल बडवून ‘मंजूर’ म्हटलं ते मेंबर एकमेकांच्या मागे लपायला लागले. सविता मात्र इंजिनिअरच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “लिवा साहेब. आठपैकी एक आलं. चला, गोठा जवळच हाय.”

दिवस मावळायच्या आत सहा बाकडी आणखी आली. उपाध्यक्षांनी आपलं पांढऱ्या कपड्यांत वाहून आणलं, कारण म्हैस सुटता सुटता उधळली, निम्मी माणसं तिच्यामागे पळाली आणि बाकडं उचलायला हात कमी पडले. सलूनचं दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, त्याच्यावर केस तसेच. अध्यक्षांच्या घरी मात्र काही निघालं नाही. खरं ते सांगते, वहीतली ती ओळ मी माझ्या हातानं खोडली. पुढच्या सभेत सविता रस्त्यावरच्या दिव्यांचं विचारायला उठली, तेव्हा राठोडभाऊ कुठं आहेत असं कोणी विचारलं नाही.

ह्यांनी बाजारातून माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. पावतीसकट. मी आधी ती उलटी करून पाहिली, मगच बसले.

परवा बी.पी.च्या गोळ्यांना दवाखान्यात गेले. आठही बाकडी भरलेली. माझं गेरूचं लांबूनच ओळखू आलं. त्याच्यावर याडी, दुखरा पाय लांब पसरून, आरामात. ऊन मी म्हणत होतं. मी जवळ जाऊन लाडानं म्हटलं, “याडी, सरक वं जराशी.”

याडीनं मला खालून वर पाहिलं. पाय तसूभर हलवला नाही.

“उभी राह्य, मंदे. तू दोन वरसं बसली.”